पाळ आणि पाझर

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की धुळे-जळगावकडच्या जुन्या तलावांच्या पाळीचे खालचे अंग पाहण्यासारखे असते. वर पाणी काठोकाठ, माथ्यावर गाडीवाट, आणि खाली पायथ्याला, जिथे सगळे गवत पिवळे पडत चाललेले असते तिथे, मध्येच एक हिरवागार पट्टा. त्यात लव्हाळे, पाणकणीस, बेडूक. पाऊल टाकले की चपला रुततात. थोडे पुढे माती वाळलेली, पण तिच्यावर मिठासारखा पांढरा खार फुटलेला. गुरे चारणाऱ्या पोराला तो पट्टा म्हणजे उन्हाळ्यापर्यंतची चराई वाटते. पाटबंधारे खात्यात केस पांढरे झालेल्या चौकीदाराला तिथे दुसरेच काही दिसते. पाणी नेमके कुठून येते हे तो आधी शोधतो, मग ते ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरतो. नितळ असेल तर हात झटकून पुढे जातो. गढूळ असेल तर तिथेच उकिडवा बसतो आणि पुन्हा ओंजळ भरतो.

मातीचे धरण पाझरतेच. मातीच्या कणांमध्ये पोकळी असते, एका बाजूला पाण्याचा दाब असतो, आणि पाणी वाट काढते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करताना हेन्री डार्सी या अभियंत्याने या वाटचालीचा नियम मांडला, तो १८५६ साली. पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त आणि त्याला कापावे लागणारे अंतर जितके कमी, तितका पाझर जोरात. आजही जगातल्या प्रत्येक मातीच्या धरणाचे गणित या एका वाक्यापासून सुरू होते.

खानदेशात या पाझराला दोन तोंडे आहेत. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी जे तलाव खणले, त्यांचे नावच ‘पाझर तलाव’. त्यांनी गळायचे, खालच्या विहिरी भरायच्या, हेच त्यांचे काम. तेच पाणी साठवण तलावातून झिरपले की कागदोपत्री ते ‘गळती’ होते आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी वेगळी रक्कम धरावी लागते. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून गावात ती ‘गयती’. पण ज्यांची विहीर पाळीच्या खाली आहे त्यांना तिचे फारसे दुःख नसते. साठवण तलावाची गळती बंद केली की खालच्या केळीला पाणी कमी पडते, हे खालच्या शेतकऱ्याला अभियंत्याच्या आधी कळते. दुरुस्तीच्या कामावर तक्रार घेऊन येणारा पहिला माणूस बहुधा तोच असतो.

धुळे-साक्री भागातल्या जुन्या पाटाच्या शेतीला गळतीची ही चिंता नव्हती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून पाट काढायचे, पाटाच्या चाऱ्या करायच्या, आणि चारीखालची सलग जमीन, म्हणजे ‘फड’, सगळ्यांनी मिळून एकाच पिकाखाली आणायची, ही फडपद्धती इथे काही शतके चालली. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि वाद सोडवायला पंच. बंधारा पाणी साठवत नव्हता, फक्त उंच करून वळवत होता. तो थोडा पाझरला तरी ते पाणी नदीतच राहायचे आणि दोन मैल खालचा पुढचा बंधारा ते उचलायचा. एकाची गळती दुसऱ्याचा पाट भरायची.

ही व्यवस्था वाहत्या नदीवर उभी होती, आणि खानदेशातल्या नद्या वाहतात थोडे महिने, तेही लहरीने. १८७२च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा अशा काही चढल्या की एकट्या धुळे शहरात पाचशेवर घरे वाहून गेली आणि १५२ गावांचे नुकसान झाले. चार वर्षांनी, १८७६-७७ला, त्याच मुलखावर दुष्काळ होता. पावसाळ्यात पाणी अडवायचे आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे, हा विचार ब्रिटिश सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मनात याच दशकात पक्का झाला. गिरणेवरचे जामद्याचे बंधारा-कालवे, धुळे-पारोळा रस्त्यावरच्या मुकटीचा तलाव, पारोळ्याजवळचा म्हसवे तलाव ही नावे त्या काळच्या कागदांत सारखी भेटतात. मुकटीची पाळ एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीतली. महाराष्ट्रातल्या अजून उभ्या असलेल्या जुन्या मातीच्या धरणांत तिची गणना होते.

ती पाळ बांधली कशी? हे कळले तर ती आज कुठे पाझरते हेही कळते.

तेव्हा यांत्रिक रोलर नव्हते. जमिनीत मुरूम किंवा खडक लागेपर्यंत लांबलचक चर खणायचा आणि तो चिकट मातीच्या गाऱ्याने भरायचा. पाणी शिंपडून पायांनी तुडवलेला हा गारा म्हणजे पाळीच्या पोटातला पडदा. त्यावर काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याकडच्या अंगावर दगडांची पिचिंग. माती आणायची डोक्यावरच्या पाटीने, गाढवांवर, बैलगाड्यांतून. मातीकामात पिढ्या घालवलेले वडार आणि बेलदार हे या पाळींचे खरे कारागीर. थर पसरायचा, ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, लोखंडी किंवा दगडी रूळ बैलांकडून ओढायचा. माती किती दाबली गेली हे मोजायचे साधन नव्हते, मुकादमाच्या टाचेखाली ती कशी लागते यावर थर पास व्हायचा. मातीत नेमके किती पाणी असताना ती सर्वांत घट्ट बसते याची शास्त्रशुद्ध चाचणी लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टरने १९३३ साली मांडली. त्याआधीची प्रत्येक पाळ टाचेच्या भरवशावर उभी राहिलेली आहे, आणि त्या टाचा चांगल्याच होत्या असे म्हणावे लागते.

अडचण होती ती काळ्या मातीचीच. कापसाची ही माती पाणी अडवते खरी, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. खानदेशात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही चार महिन्यांत, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. तलाव रिकामा, माथा तापलेला, आणि गाभ्यात वरून खाली उतरत जाणाऱ्या भेगा. एखाद्या वर्षी जुलैत पाण्याचा लोंढा दोन-तीन दिवसांत तलाव भरतो. भेगा मिटायच्या आत पाणी त्यांच्यापर्यंत पोचते. सलग दुष्काळी वर्षांनंतर भरणारे धरण म्हणूनच नेहमी भरणाऱ्या धरणापेक्षा जास्त धोक्याचे. इकडे ‘कधी नव्हे ते भरले’ म्हणून जलपूजन होते, ओटी भरली जाते, नारळ फुटतो, आणि त्याच दिवशी खालच्या अंगाला कोणीतरी फेरी मारणे सर्वांत गरजेचे असते. २०१९ साली गिरणा धरण बऱ्याच वर्षांनी शंभर टक्के भरले, तेव्हा चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याकडच्या गावांतला आनंद स्वाभाविक होता. धरणावरच्या माणसांसाठी मात्र ते परीक्षेचे दिवस होते.

एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी हे धडे पाळी घसरल्यावर घेतले. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड आणि सोलापूरकडच्या आष्टी या दोन तलावांच्या पाळी १८८०च्या दशकात घसरल्या. घसरण्याचे एक मोठे कारण पायाखाली राहिलेली काळी माती. वरचे वजन आणि खालचा ओलावा एकत्र आले की ती साबणासारखी होते. मुंबई इलाख्यातल्या या अनुभवांचा निचोड विल्यम लमिस्डेन स्ट्रेंज या अभियंत्याने आपल्या मातीच्या धरणांवरच्या ग्रंथात मांडला, तो १९०४ साली लंडनमध्ये छापला गेला. पाण्याकडचा उतार तीनास एक, कोरड्या अंगाचा दोनास एक, माथ्याची रुंदी इतकी, पाण्याच्या वर मोकळी उंची इतकी: त्याने उंचीनुसार दिलेले हे आकडे आजही अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पावसावरून तलावात किती पाणी येईल हे काढण्यासाठी त्याच्या नावाचे तक्ते आहेतच. जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या लहान तलावाचे अंदाजपत्रक करणारा तरुण कनिष्ठ अभियंता ‘स्ट्रेंज टेबल’ उघडतो, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या पावसाशी बोलत असतो, हे त्याच्या गावीही नसते.

याच सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण सहायक अभियंता म्हणून रुजू झाला, आणि त्याची सुरुवातीची कामे नाशिक-खानदेशातली. साक्री तालुक्यातल्या दातर्ती गावी पाटाचे पाणी ओढ्याखालून पलीकडे नेण्यासाठी त्याने नळाचा सायफन केला. धुळ्याच्या पाणीपुरवठ्याचे कामही त्याच्या वाट्याला आले. पुढे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, म्हैसूरचे दिवाणपद हे सगळे झाले, पण पाण्याला ओढ्याखालून गुमान पलीकडे जायला लावायचे हा पहिला धडा त्याने पांझरेच्या खोऱ्यात गिरवला. पाण्याला बंद जागेतून नेणे किती कठीण असते, सांध्यासांध्यातून ते कसे बाहेर पडायला बघते, हे सायफन करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पाळीच्या बाबतीत तो सांधा म्हणजे मोरी. तलावातले पाणी पाटात सोडायला पाळीच्या पोटातून दगडी किंवा काँक्रीटची बोगदेवजा मोरी काढावी लागते. माती दबते, खचते, मोरी दबत नाही. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडली तरी पाण्याला सरळसोट वाट मिळते. जुन्या पाळींची गळती शोधायला गेलेला जाणता माणूस आधी मोरीच्या तोंडाशी जातो. महाराष्ट्राने हा धडा सर्वांत महागात घेतला तो १२ जुलै १९६१ रोजी, पुण्याजवळच्या पानशेतला. अंबी नदीवरचे ते मातीचे धरण अजून पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पोटातल्या मोरीचे काँक्रीट पोलादाच्या सळयांविना होते. वेगाने धावणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी मोरी ढासळली, वरची माती तिच्यात खचत गेली, माथा खाली बसू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या धरणांत मोरीभोवती काँक्रीटच्या कॉलर, पोलाद आणि वाळूच्या गाळण्या आल्या. मुकटीसारख्या पाळी त्याच्या नव्वद वर्षे आधीच्या. त्यांच्या पोटात चुन्यात बांधलेल्या दगडी मोऱ्या आहेत.

खानदेशातली बहुतेक मोठी आणि मध्यम धरणे मात्र पानशेतनंतरची. नांदगाव तालुक्यातल्या पांझणजवळचे गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. ते नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी प्रामुख्याने जळगावचे. तापीवर हतनूर १९८२चे. सातपुड्याच्या पायथ्याला सुकी, अभोरा, मोर. धुळ्याकडे मालनगाव, पांझरेवरचे लाटीपाडा, बुराई, करवंद, अनेर. प्रत्येकाच्या खालची जमीन वेगळी, म्हणून प्रत्येकाचा पाझर वेगळा.

रावेर-यावल-चोपड्याकडे सातपुडा संपतो तिथे नद्यांनी हजारो वर्षे गोटे, वाळू आणि रेती आणून पसरली आहे. भूजलाच्या लोकांची ही आवडती जागा, कारण पाऊस इथे सरळ जमिनीत उतरतो आणि त्यावरच केळीचे साम्राज्य उभे आहे. धरण बांधणाऱ्याला मात्र हाच पट्टा नकोसा. गोट्यांच्या थरात खंदक खणायचा तर तो खडकापर्यंत नेताना नाकी नऊ येतात, आणि मध्येच थांबवला तर पाणी पाळीखालून निसटते. धुळे-नंदुरबारकडे परिस्थिती उलटी. तिथल्या काळ्या खडकात लाव्ह्याच्या उभ्या भिंती, भूशास्त्रज्ञ ज्यांना डाइक म्हणतात, शेकड्यांनी आहेत. माळरानावर त्या मैलोन्‌मैल दगडी कुंपणासारख्या धावताना दिसतात. त्यातली एखादी भिंत पाणी अडवून धरते, एखादी तडकलेली असली तर पाण्याला थेट रस्ता देते. एकाच खोऱ्यातल्या दोन तलावांत एक कधीच गळत नाही आणि दुसरा डिसेंबरातच तळ दाखवतो, याचे उत्तर बऱ्याचदा पाळीत नसून तिच्याखालच्या खडकात असते. तापीकाठची पिवळी गाळमाती आणखी निराळी. पावसाच्या पाण्यात ती साखरेसारखी विरघळते. नदीकाठी तिने केलेल्या खोल घळया ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिचा भराव घालायचा तर गाळणी नीट हवीच.

आता प्रश्न गढूळ पाण्याचा. पाझर नितळ असतो तोवर तो पोकळीतले पाणी घेऊन जातो, माती मागे ठेवतो. त्याचा वेग वाढला की बाहेर पडण्याच्या जागी मातीचे कण उचलले जातात. तिथे एक छोटा खड्डा होतो. खड्ड्यामुळे पाण्याची वाट आखूड होते, वेग आणखी वाढतो, आणि खड्डा पाण्याच्या दिशेने, पाळीच्या पोटात, मागे मागे सरकत जातो. जमिनीखाली एक बीळ तयार होते. अमेरिकेतल्या आयडाहोमधले टीटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. सकाळी पायथ्याशी गढूळ झरा दिसला, बुलडोझर लावून तो बुजवायचा प्रयत्न झाला, बुलडोझर त्याच भोकात गेले, आणि दुपारी बाराला तीन मिनिटे असताना धरण फुटले. नवे कोरे धरण होते, पहिल्यांदाच भरत होते.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. हे धरण जेमतेम दोन दशकांचे होते. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या, काही दुरुस्तीही झाली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले आणि महाराष्ट्रभर त्यावर संतापाबरोबर विनोदही झाले. खेकडे मातीच्या पाळीत बिळे करतात हे खोटे नाही. घुशी करतात, साळिंदर करतात, वारुळे होतात, बाभळीची मुळे खोल जातात आणि झाड मेल्यावर मुळांच्या जागी नळ्या उरतात. म्हणून तर दरवर्षी पाळीवरची झुडपे तोडायचा आणि बिळे खणून मातीने भरायचा नियम इंग्रजी अमदानीपासून आहे. खेकड्याला सापडलेली जागा माणसाला का सापडली नाही, हा प्रश्न तिवऱ्यात राहून गेला.

गळणाऱ्या जुन्या पाळीचे करायचे काय, याची पद्धत आता ठरलेली आहे आणि तिच्यात पाणी थांबवण्याचा भाग त्यामानाने थोडा आहे. गढूळ झरा दिसला की त्याच्या तोंडात माती कोंबायची नाही. कोंबली तर पाणी दुसरीकडून फुटते. त्याऐवजी वर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड, अशी उलटी गाळणी रचतात. पाणी बाहेर येऊ द्यायचे, माती आत अडवायची. उकळीसारखा झरा असेल तर भोवती पोत्यांचे रिंगण करून आतले पाणी चढू देतात, म्हणजे दाब आपोआप घटतो. दरम्यान सांडव्याचे किंवा मोरीचे दरवाजे उघडून तलाव खाली आणायचा. उन्हाळ्यात मोठे काम निघते: पायथ्याला मुरूम आणि दगडांचा जादा भराव, तुंबलेली पायथ्याची गटारे खणून नव्याने वाळू-खडी, माथ्यावरून छिद्रे पाडून सिमेंट आणि बेंटोनाइटचे ग्राउटिंग, पाण्याकडच्या अंगावर चिकणमातीची चादर. ग्राउटिंगवर ठेकेदारांचे प्रेम जास्त, कारण जमिनीत किती सिमेंट गेले हे कोणी पाहू शकत नाही. गटारे साफ करण्याचे काम स्वस्त, कंटाळवाणे, आणि फोटोत न दिसणारे, म्हणून मागे पडते. जुन्या पाळींना मात्र बहुधा त्याचीच जास्त गरज असते.

नाशिकला १९५९पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे आणि १९८०पासून धरण सुरक्षितता संघटना. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, त्रुटींची वर्गवारी, अहवाल ही चौकट महाराष्ट्राने देशात लवकर बसवली. २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. राज्यात मोठ्या धरणांचीच संख्या दोन हजारांवर आहे, देशात सर्वाधिक. त्यातली बहुसंख्य मातीची, आणि अनेकांची पन्नाशी उलटली आहे किंवा उलटत आली आहे. दुष्काळी कामांवर घाईने घातलेल्या लहान पाळी यात धरलेल्याच नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांचे नकाशेही ज्या कार्यालयात असायला हवेत तिथे सापडत नाहीत.

जिथे व्यवस्था शिल्लक आहे तिथे ती साधीच आहे. पायथ्याच्या गटाराच्या तोंडाशी सिमेंटच्या छोट्या भिंतीत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असते. तीतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची, वहीत तारीख, तलावाची पातळी आणि ती उंची लिहायची. तलावाची पातळी चढत असताना आकडा चढला तर ठीक. पातळी स्थिर असताना आकडा चढला तर फोन करायचा. सोबत एका बाटलीत ते पाणी भरून चौकीच्या कट्ट्यावर रात्रभर ठेवायचे. सकाळी बाटलीच्या बुडाशी मातीचा थर बसला आहे की नाही, आणि बसला असेल तर तो कालच्यापेक्षा जाड आहे का, हे पाहायला डोळे लागतात आणि रोज तिथे असणारा माणूस लागतो. फडाच्या काळात त्या माणसाला जागल्या म्हणत. आता त्याचे पद चौकीदाराचे आहे, आणि बऱ्याच तलावांवर ते रिक्त आहे.